तंबूतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म: ओझं की गरज?
मोहिमेच्या सामानात चमचासुद्धा मी दोनदा विचार करून घेतो. त्यामुळे साबणाच्या वडीएवढं हे यंत्र भरताना जिवावर आलं होतं. पहिल्याच वादळी संध्याकाळी मत बदललं. बर्फ वितळवायला तंबूच्या ओसरीत स्टोव्ह लावलेला, वाऱ्यामुळे बाहेरची चेन गच्च बंद. ज्योत थंड पातेल्याच्या बुडाला भिडली आणि पडद्यावरचा आकडा शून्यावरून ३८, मग ७० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ७० भाग). डोकं मघापासून जड होतंच, पण ते मी उंचीच्या खात्यात टाकलं होतं.

गोम इथेच आहे. डोकेदुखी, मळमळ, थकवा ही विरळ हवेची लक्षणं, आणि या वायूच्या विषबाधेचीही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही फसतो. हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनच वाटतो, आणि हा वायू चिकटतो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट. ५,५०० मीटरवर हवेचा दाब आधीच निम्मा, त्यात ही भर!

तक्रारी आहेत. घरगुती अलार्म युरोपीय मानकाप्रमाणे ५० पीपीएमला तासभर गप्पच बसतात, हाही त्यातलाच. भोंग्यावर विसंबू नका, आकडा बघत राहा. थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून एरवी तो जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवतो आणि स्टोव्ह पेटवताना बाहेर काढतो. धूळ, काजळीचे कण त्याला कळत नाहीत. त्यासाठी मास्क वेगळा.

पुढच्या मोहिमेला तो येतोय. त्याच्या वजनाइतके जादा मोजे घरी राहतील.