सरकी, सोया डीओसी की बायपास: दुभत्या गाईला कोणतं प्रोटीन परवडतं?

पेंडेच्या दुकानात आपण दोनच गोष्टी विचारतो, भाव काय आणि प्रोटीन किती. कोंबडीपुरतं तेवढं पुष्कळ झालं. गाय-म्हैस रवंथ करणारी, म्हणून तिच्या बाबतीत तिसरा प्रश्न येतो. यातलं किती प्रोटीन कोटीपोटात, म्हणजे तिच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, फुटणार आणि किती तसंच खाली उतरणार? माझ्या मते निवड याच प्रश्नावर ठरते, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

गाईच्या तोंडात गेलेलं प्रोटीन आधी तिचं नसतंच, ते कोटीपोटातल्या जिवाणूंचं असतं. त्यांची एन्झाइम प्रोटीनची साखळी तोडतात, अमिनो आम्लं सुटी होतात आणि त्यांतली बरीचशी फोडून अमोनिया तयार होतो. त्याच अमोनियापासून जिवाणू स्वतःचं शरीर बांधतात. पुढे हे जिवाणू अन्नाबरोबर चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, वाहत जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. तिच्या जठरात लायसोझाइम नावाचं एन्झाइम भरपूर असतं. आपल्या अश्रूंत ते जंतू मारतं, गाईकडे त्याच्या नात्यातलं एन्झाइम जिवाणूंची भिंत फोडायला जुंपलेलं आहे. मग प्रोटीन पचवणारं पेप्सिन, आणि आतड्यात तेच काम करणारं ट्रिप्सिन. या जिवाणूंतल्या अमिनो आम्लांचा मेळ दुधाच्या प्रोटीनशी छान बसतो, त्यामुळे गाईला मिळणारं सर्वांत स्वस्त आणि उत्तम प्रोटीन हेच.

पण जिवाणूंना बांधकामासाठी पिष्ट आणि साखर लागते. मका भरडा, मुरघास कमी पडला की अमोनिया वापराविना राहतो, रक्तात शिरतो, आणि यकृताला त्याचा युरिया करावा लागतो. हे युरिया-चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट या शास्त्रज्ञांनी 1932 मध्ये उलगडलं. थोडा युरिया लाळेतून कोटीपोटात परततो, बाकीचा लघवीत आणि दुधात. म्हणजे पेंडेचे पैसे गोठ्याच्या गटारात, वर यकृताची ऊर्जा खर्च ती वेगळी.

आता दोन मुख्य उमेदवार.

सरकी पेंड, म्हणजे विदर्भ-मराठवाड्याकडची ढेप. टरफलासकट घाण्यातून काढलेल्या पेंडेत प्रोटीन साधारण 20 ते 24 टक्के, तेल 6-7 टक्के आणि तंतू भरपूर. या तेला-तंतूमुळे फॅट चांगली लागते, म्हणून जुन्या माणसांचा सरकीवर जीव, आणि तो उगाच नाही. सोयापेक्षा तिचं प्रोटीन कोटीपोटातून थोडं जास्त सुटून पुढे जातं. उणी बाजू लायसिन या अमिनो आम्लाची. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य तापवताना लायसिनला चिकटतं आणि ते लायसिन गाईच्या कामाचं राहत नाही. मोठ्या गाईला गॉसिपॉल फारसं बाधत नाही, कोटीपोटात ते बांधलं जातं. वासराला मात्र ही सोय नसते. कोंबडीला सरकी जास्त झाली तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो.

सोया डीओसी म्हणजे तेल पूर्ण काढून भाजलेली सोया पेंड. प्रोटीन 44 ते 48 टक्के, तेल जेमतेम एक टक्का. शाकाहारी पेंडींत लायसिन हिच्यात उत्तम, मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी. तिचं सुमारे दोन तृतीयांश प्रोटीन कोटीपोटातच फुटतं, म्हणून भरड्याशिवाय नुसती डीओसी घालणं म्हणजे वर सांगितलेलं गटार.

हिशेब मांडून बघू. गाय 400 किलोची, दूध 12 लिटर. दर लिटरला सुमारे 90 ग्रॅम आणि शरीर टिकवायला 400 ग्रॅमच्या आसपास, एकूण दीड किलो प्रोटीन. 15 किलो मका मुरघास आणि 4 किलो कडबा यातून अर्ध्या किलोहून थोडं जास्त येतं. राहिलं साधारण 900 ते 950 ग्रॅम. सरकीवर भागवायचं तर 3.3 किलो सरकी आणि 2 किलो मका भरडा. डीओसीवर भागवायचं तर 1.5 किलो डीओसी आणि 3 किलो भरडा. समजा सरकी 35 रुपये, डीओसी 45, भरडा 25 (हे आकडे मी उदाहरणाला घेतले, तुमच्या बाजारातले टाका). पहिली वाटणी 165 रुपयांच्या पुढे जाते, दुसरी 143 च्या आत राहते. दिवसाला एका गाईमागे 22-23 रुपये. महाग दिसणारं पोतं इथे स्वस्त पडलं, कारण आपण पोतं घेत नाही, प्रोटीन घेतो. भाव भागिले टक्के एवढं दुकानातच मोबाइलवर करून बघावं.

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला, जिथे फॅट लागते पण एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) लागत नाही अशी रड आहे, तिथे मी सरळ डीओसी आणि भरड्याच्या बाजूने. एसएनएफमध्ये लॅक्टोज जवळपास स्थिर असतं, हलतं ते प्रोटीन, आणि ते जिवाणूंना पिष्ट मिळालं तरच वाढतं. दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर ठरत असेल तर याचा फरक थेट बिलात दिसतो. भरडा मात्र हळूहळू वाढवा आणि दोन वेळांत विभागून द्या, नाहीतर आम्लता होऊन गाय वैरण सोडते. म्हशीचं गणित वेगळं. तिचा दर फॅटवर, दूध बेताचं. तिला किलो-दीड किलो सरकी ठेवून उरलेली गरज डीओसीने भरावी. पूर्ण सरकी बंद करा असं म्हशीवाल्याला मी सांगणार नाही.

शेंगदाणा पेंड चवीला जनावर सोडत नाही, प्रोटीन 40 च्या वर, पण कोटीपोटात झपाट्याने फुटते. शिवाय बुरशीची भीती. बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन बी-1 गाईच्या यकृतात एम-1 होऊन दुधात उतरतं, आणि दुधात त्याची मर्यादा किलोला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम आहे. पावसाळ्यात ही पेंड नकोच.

मक्याचं डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा, इथेनॉल कारखान्यांमुळे आता सगळीकडे मिळतं. स्वस्त आहे, फुटतंही कमी, पण मक्याचं म्हणून लायसिन मुळात थोडं आणि वाळवताना करपलं की तेही जातं. सोनेरी दिसलं तर घ्या, कॉफीच्या रंगाचं सोडा.

बायपास प्रोटीनचा गाजावाजा खूप. यात पेंडेला उष्णता किंवा ठरलेल्या अल्प प्रमाणात फॉर्माल्डिहाइड देऊन असं बांधतात की कोटीपोटात ती फुटत नाही, चौथ्या कप्प्यातल्या आम्लात मोकळी होते. विज्ञान पक्कं आहे. पण 8 लिटरच्या गाईची गरज जिवाणूच भागवतात, तिला बायपास देणं म्हणजे जिवाणूंना उपाशी ठेवून वरून जास्त पैसे मोजणं. 15-20 लिटरच्या पुढे, आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, गाय खाते त्यापेक्षा जास्त देते तेव्हा याचे पैसे वसूल होतात. प्रक्रिया घरी करायच्या फंदात पडू नका. फॉर्माल्डिहाइड जास्त झालं तर पेंड आतड्यातही फुटत नाही आणि शेणात जाते.

पोत्यावरच्या टक्क्यांबद्दल एक सांगायला हवं. क्रूड प्रोटीन म्हणजे नायट्रोजन मोजून 6.25 ने गुणलेला आकडा. युरियात 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे कागदावर 287 टक्के प्रोटीन! चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन मिसळलं ते याच गणिताच्या जोरावर. भेसळ ओळखायची साधी खूण एन्झाइममध्येच आहे. कच्च्या सोयाबीनच्या आणि तुरीच्या पिठात युरिएज असतं, ते युरिया फोडून अमोनिया करतं. दुधातला युरिया ओळखायला हेच पीठ आणि लाल लिटमस कागद वापरतात. पाच मिनिटांत कागद निळा झाला तर युरिया आहे. उलट दिशेने डीओसी तपासता येते. चमचाभर डीओसीत चिमूटभर युरिया आणि पाणी घालून बाटली बंद ठेवा. थोड्या वेळात नाकात झणझणणारा वास आला तर युरिएज जिवंत आहे, म्हणजे माल नीट भाजलेला नाही आणि ट्रिप्सिनला अडवणारा घटकही शिल्लक असणार. असा माल वासरांना आणि कोंबड्यांना बाधतो. युरिया घातलेल्या खाद्यात तर तो मिसळूच नये, अमोनिया एकदम सुटतो.

निवड जमली का हे दूध सांगतं. काही संकलन केंद्रांवर दुधातलं युरिया नायट्रोजन मोजून मिळतं. 100 मिलिलिटरला 10 ते 16 मिलिग्रॅम ठीक. सतत 18-20 च्या वर असेल आणि गाई गाभण न राहता उलटत असतील तर पेंड कमी करा किंवा भरडा वाढवा. 10 च्या खाली असेल तर जिवाणूंनाच प्रोटीन पुरत नाही. सोय नसेल तर फॅट-एसएनएफची पावती आणि शेण बघत राहा. बदल करायचा तो दहा-पंधरा दिवसांत, रोज मूठ-मूठ. जिवाणूंची वस्ती एका रात्रीत बदलत नाही, आणि नवीन पेंडेला दोन दिवसांत नावं ठेवणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं.