माझा ११ वर्षांचा अनुभव त्यांनी मलाच विकला

११ वर्षं आयसीयूत नर्स म्हणून काढलेली बाई सहजासहजी फसायची नाही, असं मलाही वाटायचं. पण मी फसले ती त्या ११ वर्षांमुळेच.

सलग तिसरी नाईट संपवून घरी निघाले होते, तेव्हा फोन आला. पलीकडची मुलगी स्वतःला शैक्षणिक समुपदेशक म्हणवत होती. क्रिटिकल केअर नर्सिंगचा पदव्युत्तर कोर्स, सगळा ऑनलाइन, नोकरी न सोडता, ९ महिन्यांत. "मॅडम, तुमच्यासारख्या सीनियर सिस्टरला परत शिकाऊ म्हणून वॉर्डात कशाला उभं करायचं? तुमचा अनुभवच आम्ही क्लिनिकल तास म्हणून धरतो." दोनदा इन्चार्जपद हुकलेल्या बाईच्या कानाला हे किती गोड लागलं असेल! सीट दोनच उरल्या होत्या. (त्या नेहमी दोनच उरलेल्या असतात.) तीन महिन्यांच्या पगाराएवढी फी मी हप्त्यांनी भरली.

कोर्स म्हणजे नुसत्या स्लाइड्स. आम्ही नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवतो तेच, तेही अर्धवट. ग्लासगो कोमा स्केलच्या, म्हणजे रुग्ण किती शुद्धीत आहे ते गुणांत मोजायच्या पद्धतीच्या, स्लाइडवर किमान गुण ० लिहिलेले. किमान गुण ३ असतात. डोळे, बोलणं, हालचाल, तिन्हींचा एकेक गुण धरलेलाच असतो. मेलेल्यालाही ३ मिळतात, असं आम्ही ड्युटीवर म्हणतो. मी मेल केला. 'अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' असं उत्तर आलं. महिन्याभराने परीक्षेत तोच प्रश्न. ३ लिहिलं की चूक दाखवायचं आणि पुढचं पान उघडायचं नाही. मी ० वर टिक केलं आणि पुढे गेले. गेलेल्या पैशांपेक्षा मला त्या टिकची लाज जास्त वाटते.

मग प्रत्यक्ष कामाच्या नोंदीचं लॉगबुक आलं, ५०० तासांचं, कोरं. प्रिसेप्टरची, म्हणजे कामावर देखरेख करून शिकवणाऱ्या अनुभवी नर्सची, सही कुणाची घेऊ विचारलं, तर म्हणे कुणीही सहकारी चालेल. मी हाताखाली तयार केलेल्या मुलीनेच माझ्या 'प्रशिक्षणावर' सह्या केल्या. तीही हसली, मीही हसले.

जादा पात्रता नोंदवायला नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज केला, तो परत आला: संस्था मान्यताप्राप्त यादीत नाही. तेव्हा कुठे मी शोधायला बसले. त्यांच्या वेबसाइटवर ज्या 'आंतरराष्ट्रीय' मंडळाचा शिक्का होता, त्या मंडळाचा आणि संस्थेचा पत्ता एकच निघाला. शेजारी आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र. ते संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचं असतं. व्हेंटिलेटर कुणी शिकवला याच्याशी त्याचा संबंध नाही. 'संलग्न', 'सभासद', 'प्रमाणित' असे सगळे शब्द तिथे होते, फक्त कौन्सिलची मान्यता नव्हती. कौन्सिलला एक फोन मी पैसे भरायच्या आधी करायला हवा होता, आणि नंबर कौन्सिलच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायला हवा होता, समुपदेशकाने पाठवलेल्या लिंकवरून नव्हे.

खरे कोर्स कसे असतात ते नंतर वाचलं. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रगत नर्सिंगसाठी किमान पदव्युत्तर पदवीची शिफारस केली आहे. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरच्या (स्वतः तपासून उपचार ठरवणाऱ्या प्रगत नर्सच्या) शिक्षणाच्या २०२२ च्या राष्ट्रीय मानकांत प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास सांगितले आहेत, आणि ते प्रवेश घेतल्यानंतर, देखरेखीखाली करायचे. म्हणजे आधीची वर्षं प्रवेशाला उपयोगी पडतात, या तासांच्या जागी भरता येत नाहीत. काही ठिकाणी पूर्वानुभवाचं थोडंफार श्रेय देतात, पण कागद तपासून. फोनवर कुणी देत नाही.

२०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या बनावट नर्सिंग डिप्लोमांचं प्रकरण उघडकीला आलं. ७,६०० हून जास्त डिप्लोमा आणि गुणपत्रिका विकल्याचा ठपका, २५ जणांवर आरोप. ते वाचताना मी स्वतःला सांगत होते की मी काही कागद विकत घेतला नाही, मला शिकायचं होतं. मग तो ० आठवला. आणि लॉगबुकातल्या सह्या.

बँकेकडे आणि पोलिसांकडे तक्रार केली आहे. हप्त्यांच्या पावत्या, चॅट, मेल सगळं जपून ठेवलं होतं, तेवढं एक बरं केलं. पैशांचं अजून काही नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच युनिटमधल्या एका सिस्टरला तसाच फोन आला. सीट दोनच उरल्या होत्या. मी शेजारीच उभी होते. तिने विचारलं, "माझी प्रिसेप्टर कोण असेल, कुठल्या आयसीयूत, आणि तिचा रजिस्ट्रेशन नंबर काय?" समुपदेशक म्हणाली, वरिष्ठांना विचारून लगेच कळवते.

वरिष्ठ अजून सापडलेले दिसत नाहीत.