मैत्रिणीचं मन मोडलंय? सराफ्यात न्या, पण बेतानं

इंदूरच्या सराफ्यावर, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीवर, जे लिहिलं जातं ते बहुतेक बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी असतं. हा अभिप्राय वेगळ्या गरजेचा आहे. कुणाचा साखरपुडा मोडलाय, कुणाचं कित्येक वर्षांचं नातं एका मेसेजवर संपलंय, कुणाच्या हातात घटस्फोटाचे कागद आलेत, आणि तिच्या मैत्रिणींना प्रश्न पडलाय की हिला घराबाहेर काढायचं तर न्यायचं कुठे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: या कामाला अख्ख्या शहरात सराफ्याइतकी चांगली जागा नाही. मात्र वार, वेळ आणि खाण्याचा क्रम चुकला तर तीच जागा अंगावर येते.

दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. रात्री आठ-साडेआठनंतर पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात, ते मध्यरात्र उलटून गेली तरी चालू असतात. बसायची सोय जवळपास नाहीच. एरवी ही तक्रार ठरली असती, पण इथे तोच मोठा गुण आहे. कॅफेत समोरासमोर बसलं की रडवेल्या माणसाला तोंड लपवायला जागा उरत नाही, आणि ऐकणारीलाही चेहरा कसा ठेवावा कळत नाही. सराफ्यात दोघी शेजारीशेजारी उभ्या असतात, नजर कढईवर असते आणि बोलणं आपोआप सुटतं. डोळे पुसले तरी आजूबाजूचा कुणी बघत नाही, कारण ज्याचं त्याचं लक्ष आपापल्या द्रोणात.

दुसरा गुण याहून मोठा. इथे दर दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदलावी लागते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मैत्रिणी एकच दुःख पुन्हापुन्हा उगाळत बसतात तेव्हा त्यांची जवळीक वाढते, पण सोबत उदासीही वाढलेली दिसते, असं त्यात आढळलं. मुलींमध्ये ही सवय जास्त होती. मोठेपणीही आपण तेच करतो. खोलीचं दार लावून रात्री दोनपर्यंत ‘पण तो असं का वागला’ याचा कीस पाडला जातो आणि सकाळी ती आणखी थकलेली उठते. सराफ्यात वाक्य अर्ध्यावर असताना द्रोण हातात येतो, तो संपला की पुढे सरकायचं, पुढच्या ठेल्यावर काय घ्यायचं ते ठरवायचं. बोलणं थांबत नाही, पण त्याला चक्राकार फिरायला फुरसत मिळत नाही.

आता वार. सोमवार ते गुरुवार, रात्री साडेनऊच्या सुमारास पोचा. त्याआधी बरेच ठेले मांडामांडीत असतात, तेल नीट तापलेलं नसतं आणि पहिला घाणा तेलकट उतरतो. शनिवार-रविवार आणि सणासुदीला जाऊच नका. खांद्याला खांदा लागतो, मागून ढकललं जातं, आणि जिची झोप उडालीय तिला तो कोलाहल दहा मिनिटांत नकोसा होतो. गाडी शेजारच्या राजवाड्याच्या अलीकडेच लावून चालत आत शिरा. त्याहून बरं म्हणजे रिक्षानं या, म्हणजे परतताना कोणाला हँडल धरायचं नाही. बारापर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं असतात, त्यामुळे दोघी-तिघींना अवघडल्यासारखं होत नाही. तरी परतीची गाडी राजवाड्याच्या मोठ्या रस्त्यावर येऊनच बोलवा, गल्लीच्या तोंडाशी ताटकळत राहू नका.

क्रम मात्र सगळ्यात महत्त्वाचा. मन मोडलं की भूक आधी जाते. दोन-दोन दिवस चहा-बिस्किटांवर निघतात. अशा रिकाम्या, आंबट पोटात पहिलाच घास तळलेला आणि लाल तिखटाचा गेला की जळजळ सुरू होते, आणि ‘मला घरी सोड’ हे वाक्य अर्ध्या तासात येतं. म्हणून सुरुवात दहीवड्यानं करा. जोशी यांच्या दहीवड्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि ते सार्थ आहे. वडा भिजून मऊ झालेला, वर दाट घोटलेलं दही. मग तो भरलेला द्रोण हवेत उडवून झेलला जातो, दही सांडत नाही. त्यानंतर एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले धरून एकेक करून भुरभुरले जातात. हा खेळ बघायला मैत्रिणीला पुढे उभी करा. हसली तर उत्तम, नाही हसली तरी थंड दही पोटात गेलं हेही कमी नाही. मिरची बेताची हवी हे द्रोण भरायच्या आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नसतो.

दुसरा नंबर भुट्ट्याच्या किसाचा, आणि इथे रेंगाळा. कोवळं कणीस किसणीवर किसून मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीच्या फोडणीत घालतात आणि दूध टाकत मंद आचेवर परतत राहतात. दूध लागतं कारण मक्यातला पिठूळपणा शिजताना पाणी ओढून घेतो. दूध कमी पडलं तर खाली लागतं आणि गोळे होतात. कीस चांगला आहे की नाही हे कढईच्या कडेवरून ओळखता येतं. कडेला तूप सुटलेलं दिसलं आणि खरवडलेली खरपूस साय कालथ्यानं मध्ये ओढली जात असली तर निःशंक घ्या. मधोमध पाणी सुटलेलं आणि रंग भडक पिवळा असेल तर तो बहुधा स्वीटकॉर्नचा कीस, गोडसर आणि फुळकवणी. देशी कणसाचा खरा हंगाम पावसाळ्याचा. त्यानंतर दाणा जून होत जातो आणि जिभेला रवाळ लागतो, म्हणून उन्हाळ्यात किसाकडून फार अपेक्षा ठेवू नका. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि जीरावण. जीरावण हा माळव्याचा मसाला, जिरं-धणे-बडीशेप-आमचूर-काळं मीठ अशा ऐवजाचा. तोंडाची गेलेली चव परत आणायला त्याच्याइतकं दुसरं काही नाही. गरम, मऊ, चमच्यानं खाता येणारं, फारसं चावावं न लागणारं असं हे खाणं आहे. घसा दाटून आलेल्या माणसाला ते गिळता येतं, म्हणून आम्ही त्याला या यादीत सगळ्यात वर ठेवतो. दोघींत एकच द्रोण घ्या, चमचे दोन मागा. आपण आपला वेगळा द्रोण घेतला की तिचा तसाच हातात राहतो. एकातून खाताना ती नकळत चार घास जास्त खाते.

तिसरं, साबुदाण्याची खिचडी. इथे मराठी घरातल्यांचा हमखास विरस होतो, कारण आपण तुपा-जिऱ्यात परतलेली, दाण्याच्या कुटाची खिचडी डोक्यात घेऊन जातो. इंदूरची खिचडी परतत नाहीत. भिजवलेला साबुदाणा वाफेवर मोकळा ठेवतात आणि मागणीप्रमाणे त्यात मसाला, लिंबू, कोथिंबीर, बटाट्याचा फराळी चिवडा कालवून देतात. हिला आईच्या खिचडीशी तोलू नका, वेगळा पदार्थ म्हणून खा. वाफेवरची असल्यानं पोटाला हलकी पडते. चिवडा मात्र शेवटी घालायला सांगा, नाहीतर बोलता बोलता मऊ पडतो.

तळणातलं एकच काहीतरी घ्यायचं. विजय चाट हाऊसची खोपरा पॅटीस, बटाट्याच्या आवरणात ओल्या खोबऱ्याचं सारण, हा बारमाही पर्याय आहे. थंडीत गेलात तर गराडू. हा कंद आधी मंद तळून शिजवलेला असतो आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात दुसऱ्यांदा तळतात. दुसरं तळण डोळ्यांसमोर व्हायला हवं. आधीच तळून ठेवलेल्या ढिगातले तुकडे दिले तर बाहेरून चामड्यासारखे आणि आतून कोरडे लागतात, तेव्हा स्पष्ट सांगा, ‘भैया, ताज़ा तल के देना.’

गोडाचा मोह इथे फार होतो आणि इथेच संध्याकाळ बिघडते. जलेबा, म्हणजे भली मोठी जिलबी, एकेक पाव किलोच्या आसपास भरतो. दोघींनी अख्खा घेतला तर निम्मा वाया जातो. वजनावर मिळतो, थोडाच तोडून मागा, आणि कढईतून पाकात बुडून नुकता निघालेलाच घ्या. मावा बाटी, म्हणजे पाकातली खव्याची मिठाई, त्या रात्री नको, फार जड होते आणि नीट झोप लागत नाही. शिकंजी घ्यायची असेल तर लक्षात ठेवा, इथली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नाही, आटवलेल्या दुधाची दाट, सुक्या मेव्याची आहे. एका पेल्यात दोघींचं भागतं. फायर पानाच्या, म्हणजे पेटवलेलं पान थेट तोंडात घालणाऱ्या, ठेल्याला वळसा घाला. तिथे घोळका जमतो, सगळ्यांचे फोन वर असतात, आणि उद्या कुणाच्या तरी व्हिडिओत आपली सुजलेल्या डोळ्यांची मैत्रीण दिसायची.

फोनवरूनच. जायच्या आधी दोघींचे फोन पर्समध्ये. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी नुकतंच प्रेमभंग झालेल्यांना जुन्या जोडीदाराचे फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन केले. शरीराला चटका बसल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतले काही तेव्हाही जागे झाले. तेव्हा ‘बघू तरी त्यानं काय टाकलंय’ हे निरुपद्रवी नाही. सराफ्याचे फोटोही त्या रात्री टाकू नका, तो बघेल की नाही याची वाट पाहण्यात उरलेली रात्र जाते.

आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्या: ती आणि तो इथे येत होते का, आणि कुठल्या ठेल्यावर? तो ठेला टाळा. सगळा सराफाच त्या दोघांचा असेल तर छप्पन दुकानला, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या खाऊगल्लीत, जा. तिथे गाड्या आत येत नाहीत, बसायला जागा आहे, उजेड भरपूर. आमच्या लेखी तो दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे, कारण बसलं की उगाळणं सुरू होतं आणि उजेडात रडता येत नाही. पण भंवरकुआच्या हॉस्टेलांत राहणाऱ्या मुलींना रात्री दाराची वेळ सांभाळायची असते, त्यांनी संध्याकाळी छप्पनच धरावं.

इंदूरच्या मराठी मंडळींत कुणी ना कुणी भेटणारच. रामबागेतल्या एखाद्या मावशी द्रोण हातात घेऊन समोर येतात आणि विचारतात, ‘काय गं, तुझं ठरलं होतं ना? तारीख कधीची?’ याची तयारी घरून निघतानाच करा. उत्तर द्यायचं ते सोबतच्या मैत्रिणीनं: ‘मावशी, किसाला आज कुठे गर्दी कमी आहे? तुम्ही कुठून घेतलात?’ सराफ्यात खाण्याचा सल्ला विचारलेला माणूस मूळ प्रश्न विसरतो. मावशींचा हेतू वाईट नसतो, पण त्या रात्री मैत्रिणीला कुणालाही खुलासा द्यायला लागू नये.

सोबत कोणी जावं? दोघी किंवा तिघी. चौथी आली की गप्पांचे दोन गट पडतात आणि जिच्यासाठी आलो ती मध्येच एकटी उरते. बोलण्यात दोन गोष्टी टाळा. ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ हे एक. दुसरं म्हणजे त्याला यथेच्छ शिव्या घालणं. पंधरा दिवसांत दोघांचं पुन्हा जुळलं तर त्या शिव्या तिच्या लक्षात राहतात आणि ती तुम्हाला काही सांगायचं बंद करते. सरळ विचारा, ‘आज नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ आणि ती म्हणेल तेवढंच करा.

दोघींचं सगळं मिळून चारशे-पाचशे रुपयांत होतं. पैसे तुम्ही द्या, आणि ते ठेल्यावर घासाघीस न करता.

या सगळ्यानं काय होत नाही तेही सांगायला हवं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अंघोळीचंही भान नाही, किंवा ‘जगून काय करू’ असं ती बोलून गेली, तर ते खाऊ घालून सुटणारं नाही. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची मोफत फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. नंबर नुसता पाठवून ठेवू नका. शेजारी बसून लावून द्या, पहिलं वाक्य तिला जमत नसेल तर तुम्ही बोला. जीवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर तिला एकटी सोडू नका, घरच्यांना सांगा आणि दवाखाना गाठा.

शेवटची सूचना तारखेची. पहिल्या आठवड्यात सगळ्याच मैत्रिणी धावून येतात, फोन वाजत असतो. तिसऱ्या आठवड्यात तो वाजायचा थांबतो, आणि खरी पोकळी तेव्हा जाणवते. म्हणून पहिल्या फेरीतून परततानाच तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार किंवा बुधवार ठरवून टाका. त्या वेळी काय खायचं, कुठून सुरुवात करायची ते तिला ठरवू द्या. तिनं आल्या आल्या गराडूच मागितले तरी अडवू नका. तोवर पोट सावरलेलं असतं.