नॅशव्हिल की टेक्सास: छोट्या गावातून गिटार घेऊन निघताना

अमेरिकेतली कंट्री गाणी, म्हणजे गावाकडच्या चालीची गिटारवरची गाणी, स्वतः लिहायची, स्वतः म्हणायची आणि त्यावरच पोट भरायचं असं ज्याच्या मनानं घेतलंय, त्याला आज ना उद्या गाव सोडावंच लागतं. मी राहायचो ते आर्कान्साच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं गाव. तिथून आय-३० वर गाडी चढवली की दोनच दिशा. पूर्वेला लिटल रॉक, तिथून आय-४० धरून मेम्फिस आणि मग कंट्रीच्या धंद्याचं गाव नॅशव्हिल, सगळे मिळून सात-आठ तास. पश्चिमेला साडेतीन तासांत डॅलस, आणि त्याच्या खाली अख्खं टेक्सास. आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी आणि सुट्टीत गिटार, असं मी दोन्हीकडे बरंच गाऊन पाहिलं आणि शेवटी एकीकडे बिऱ्हाड हलवलं.

ऑप्रीचा रेडिओ कार्यक्रम काय, रायमनचं सभागृह काय, टेक्सासचा गायक विली नेल्सन काय, हे इथं सांगत बसत नाही. या प्रश्नापर्यंत आलेल्या माणसाला ते पाठच असतं.

भारतातून आलेल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर गाऊन पैसे कमावणं चालत नाही, अगदी बारमधला शुक्रवारचा कार्यक्रम असला तरी. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी टिप जारला, म्हणजे श्रोते पैसे टाकतात त्या बरणीला, हात लावला नाही. इथंच जन्मलेल्या मुलांना हा प्रश्न नाही, पण त्यांच्या आईवडिलांना दुसरे शंभर प्रश्न असतात.

आधी नॅशव्हिल. हे गाव गाण्याकडे धंदा म्हणून बघतं, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय. सोळाव्या आणि सतराव्या अव्हेन्यूवरच्या म्युझिक रो या संगीत-धंद्याच्या वस्तीतल्या घरांमध्ये लोक वेळ ठरवून गाणी लिहायला बसतात. सकाळी अकरा वाजता तिघं जण एका खोलीत, दोन गिटारी, कॉफी, प्रत्येकाच्या फोनमध्ये सुचलेल्या शीर्षकांची यादी. दुपारी तीनपर्यंत गाणं तयार. सुरुवातीला मला हा प्रकार फार कोरडा वाटला. पण गाण्याचं दुसरं कडवं पहिल्याचीच री ओढत असेल तर ते निर्दयपणे कापायचं, हे मी त्याच खोल्यांमध्ये शिकलो. गावात एकट्यानं लिहीत बसलो असतो तर ते शिकायला जन्म गेला असता.

या को-राइटचा, म्हणजे मिळून लिहिण्याचा, अलिखित नियम असा की खोलीत जितके जण, तितके सारखे वाटे. एकानं सगळं लिहिलं आणि दुसऱ्यानं एक शब्द सुचवला, तरी वाटा तोच. आता हिशेब बघा. सीडी किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या हक्कापोटी मिळणारा कायदेशीर दर २००६ पासून २०२२ पर्यंत ९.१ सेंटांवर अडकून होता. २०२३ मध्ये तो १२ सेंट झाला आणि त्यानंतर महागाईप्रमाणे दरवर्षी थोडा वाढतो. तिघांनी लिहिलेलं गाणं म्हणजे प्रत्येकी ४ सेंट, आणि जुन्या पद्धतीचा पब्लिशिंग करार असेल तर त्यातले निम्मे पब्लिशरचे, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचे. हातात २ सेंट. पब्लिशर दरमहा काही रक्कम देतो, पण ती उचल असते. पुढच्या कमाईतून आधी ती वळती होते.

मग लोक तिथं जातात कशाला? रेडिओसाठी. अमेरिकेतले रेडिओचे पैसे गाणं लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला नाही. तुमचं एखादं गाणं कुणा मोठ्या गायकानं घेतलं आणि ते देशभर वाजलं, तर त्यावर वर्षानुवर्षं घर चालू शकतं. म्हणून ज्याला मुख्यतः लिहायचंय, मंचावर उभं राहिलं काय नि न राहिलं काय सारखंच, त्यानं पुढचं न वाचता नॅशव्हिलला जावं. फक्त घाई नसावी. गायक क्रिस स्टेपल्टन २००१ मध्ये केंटकीहून तिथं आला, दुसऱ्यांसाठी ढीगभर गाणी लिहिली, मधे बँडमध्येही गायला. त्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला २०१५ मध्ये.

नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या हॉन्की-टॉन्कबद्दल, म्हणजे गाण्याच्या बारबद्दल, थोडक्यात. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत गाणं चालू असतं, चार-चार तासांच्या पाळ्या असतात, आणि कमाईचा मोठा भाग टिप जारमधून येतो. पर्यटक नोट टाकून फर्माइश करतात आणि त्यांना त्यांच्या ओळखीचीच गाणी हवी असतात. हात तयार व्हायला यासारखी दुसरी जागा नाही. स्वतःचं गाणं म्हणायला मात्र ती जागाच नाही. शिवाय गावात पार्किंगला इतके पैसे पडतात की अँप्लिफायर गाडीतून काढतानाच टिपच्या पैशांचा निम्मा आनंद ओसरतो.

पण माझं मन उडालं ते यातल्या कशामुळेच नाही. कारण ऐकाल तर क्षुल्लक वाटेल.

नॅशव्हिलमध्ये नवख्यानं स्वतःची गाणी ऐकवायची ती रायटर्स नाइटला. तीन-चार जण ओळीनं स्टुलांवर बसतात आणि आळीपाळीनं एकेक गाणं म्हणतात. तास-पाऊण तासाची एक फेरी, मग पुढचे चौघं. ओळखपाळख असलेल्यांना लवकरची फेरी मिळते, बाहेरगावाहून आलेल्याला रात्रीची. पहिल्या फेरीला खोली गच्च भरलेली असते. फेरी संपते, आणि त्या चौघांचे मित्र, रूममेट, मावसभाऊ, सगळे एकदम उठतात. बिलं मागवली जातात, गिटारच्या पेट्यांचे खटके वाजतात, दारात मिठ्या मारल्या जातात. दुसऱ्या फेरीला तिचे स्वतःचे लोक येतात आणि तेही तसेच जातात. साडेदहाला माझी पाळी येई तेव्हा माझे लोक पाचशे मैलांवर झोपलेले असत. समोर उरत ते पुढच्या फेरीचे गायक. ते ऐकतात असं दिसतं खरं, पण ओठ स्वतःच्याच ओळी पुटपुटत असतात. आपल्याकडच्या कविसंमेलनाला एकदा तरी गेलेल्याला हे चित्र वेगळं सांगायला नको.

यात कुणी उद्धट वागत नाही. टाळ्या वाजतात, मान डोलते, ‘ते ब्रिजचं वळण झकास होतं’ (ब्रिज म्हणजे गाण्यातला मधला, वेगळ्या चालीचा तुकडा) असं कुणी आवर्जून सांगतंही. पण ती दाद कारागिरानं कारागिराला दिलेली असते. माझं गाणं होतं गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माणसावर. ते रात्रपाळी केलेल्या एकाही माणसानं त्या गावात ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

ब्लूबर्ड कॅफेला यातून वगळायला हवं. १९८२ पासून चालू असलेली, जेमतेम नव्वद खुर्च्यांची ती जागा, आणि तिथं खरंच पिनड्रॉप शांतता पाळतात. लोक लांबून, फक्त ऐकायला म्हणून येतात. सोमवारचं ओपन माइक कुणालाही खुलं आहे आणि रविवारच्या रायटर्स नाइटसाठी ऑडिशन द्यावी लागते. पण एका ब्लूबर्डच्या भरवशावर कुणी त्या गावात बिऱ्हाड करू नये.

आता टेक्सास. इथं मी मुद्दाम ऑस्टिन म्हणत नाही, कारण ऑस्टिनमध्ये राहण्याची गरजच नाही. भाडी नॅशव्हिलसारखीच चढलेली आहेत. सॅन मार्कस, न्यू ब्रॉनफेल्स, स्टीफनव्हिल, लबक, कुठंही राहा. काम रस्त्यावरच असतं. जुने डान्स हॉल राज्यभर पसरलेले आहेत: ग्रून हॉल १८७८ चा, हेलोटिसचं फ्लोर्स १९४२ चं, ऑस्टिनचं ब्रोकन स्पोक १९६४ चं. नवखा माणूस थेट तिथं उभा राहत नाही, हे उघड आहे. सुरुवात गावातल्या बारमध्ये, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये, काउंटी फेअरच्या जत्रेत, कुणाच्या तरी कार्यक्रमाआधीच्या अर्ध्या तासात होते. लिहिणाऱ्यांसाठी सॅन मार्कसचं चीटम स्ट्रीट वेअरहाउस आहे. केंट फिनलेनं ते १९७४ मध्ये सुरू केलं आणि गीतकारांसाठी बुधवारची रात्र राखून ठेवली. पुढे कंट्रीचा मोठा तारा झालेल्या जॉर्ज स्ट्रेटचा बँड सुरुवातीला तिथंच वाजवायचा. करव्हिलचा लोकसंगीत महोत्सव १९७२ पासून भरतो. त्यातली नव्या गीतकारांची स्पर्धा आजही मानाची आहे.

टेक्सासचा रेडिओही जवळजवळ स्वतंत्र आहे. त्यांचे स्वतःचे चार्ट, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या याद्या, असतात आणि लेबल (रेकॉर्ड कंपनी) नसलेल्या माणसाचं गाणं त्यावर वर चढू शकतं. कोडी जॉन्सनचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो. सेबॅस्टोपोलसारख्या खेड्यातला मुलगा, हंट्सव्हिलच्या तुरुंगात नोकरी करत गायचा, स्वतःचे अल्बम स्वतःच काढायचा. २०१८ मध्ये मोठ्या लेबलशी करार झाला तोपर्यंत त्याची तिकिटं आधीच खपत होती, आणि तशा माणसाला करारात घासाघीस करता येते.

अडचणी इथंही आहेत. नुसता आय-१० टेक्सासच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १,४०० किलोमीटर आहे. ऑगस्टमध्ये एसी नसलेली व्हॅन म्हणजे शिक्षाच. बँडला पैसे द्यावे लागतात, आणि ते आधी, उरलं तर तुम्हाला. कार्यक्रम तीन-तीन तासांचे, म्हणजे दुसऱ्यांची गाणी इथंही म्हणावीच लागतात. फक्त इथं मधे स्वतःची पाच-सहा घुसवली तर कुणी हरकत घेत नाही. आणि सगळ्यात मोठी अट: गाण्यावर नाचता आलं पाहिजे. टू-स्टेप किंवा वॉल्ट्झ, हे जोडीनं नाचायचे प्रकार. शब्द कितीही चांगले असोत, ठेका अडखळला तर जोडपी फ्लोअरवरून उतरतात.

उतरतात, पण घरी जात नाहीत, आणि माझ्यासाठी सगळा फरक तिथंच पडला. रात्रपाळीचं ते गाणं मी न्यू ब्रॉनफेल्सच्या बाजूच्या एका हॉलमध्ये पहिल्यांदा म्हटलं तेव्हा फ्लोअर रिकामा झाला. लोक बिअर आणायला गेले, भिंतीशी उभे राहिले, पुढच्या गाण्याला परत आले. कार्यक्रमानंतर सत्तरीच्या एका आजोबांनी मला गाठलं आणि म्हणाले, ते गोदामाचं गाणं चांगलंय, पण जरा पळव, माझ्या बायकोला पाय टाकायला जागाच सापडली नाही. ठेका बदलला. पुढच्या खेपेला आजोबा पुन्हा आले होते, आजींना घेऊन. नॅशव्हिलच्या खोलीत मिळालेले सल्ले तांत्रिकदृष्ट्या याहून सरस होते, यात शंका नाही. तरी मला हाच उपयोगी पडला.

रंगाचा आणि नावाचा प्रश्न विचारलाच जातो, म्हणून सांगतो. दोन्हीकडे लोक आधी दचकतात, मग गाणं ऐकतात. टेक्साससाठी एक गोष्ट जमेची: सॅन बेनितोचा फ्रेडी फेंडर आणि सबिनालचा जॉनी रॉड्रिगेझ या मेक्सिकन वंशाच्या गायकांनी सत्तरच्या दशकातच तिथल्या लोकांना वेगळ्या रंगाच्या माणसांची सवय लावून ठेवली, आणि मूळचा मिसिसिपीचा कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइड पुढे अखेरपर्यंत डॅलसमध्येच राहिला. म्हणून सगळं सुरळीत असतं असं नाही. माझ्या आडनावाचा उच्चार अजून एकाही निवेदकाला धड जमलेला नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र माझं मत तितकं ठाम नाही. गेल्या गणपतीत मंडळातली एक मुलगी, ओक्लाहोमातल्या लहान गावात वाढलेली, मला म्हणाली, ‘काका, तुमच्या टेक्सासच्या पोस्टरांवर मुलींची नावं कुठं असतात?’ तिचं खरं आहे. कमीच असतात, आणि असली तर खालच्या ओळीत. लिंडेलची मिरांडा लॅम्बर्ट आणि गोल्डनची केसी मस्ग्रेव्ह्ज, दोघीही अस्सल टेक्सासच्या गायिका, दोघींनाही मोठं व्हायला नॅशव्हिल लागलं. देशभरच्या कंट्री रेडिओवरही बायकांचे आवाज कमीच ऐकू येतात, पण निदान लिहिण्याच्या खोल्यांमध्ये तिला जागा मिळेल. मी तिला सांगितलं, टेक्सासात दोन-तीन वर्षं गाऊन स्वतःचे ऐकणारे जमव आणि मग नॅशव्हिलला जा. उलट्या क्रमानं गेलेलेही यशस्वी झालेत, पण रिकाम्या खुर्च्यांसमोर दोन वर्षं काढायला वेगळी छाती लागते.

घरीच बसून व्हिडिओ टाकण्याचा तिसरा मार्ग कुणी ना कुणी सुचवतंच. ओक्लाहोमातल्या ऊलोगाचा गायक झॅक ब्रायन नौदलात नोकरी करत असताना तसाच वर आला. तो मार्ग आहेच, पण तो या दोन्हींच्या जोडीनं चालतो, त्यामुळे त्याला वेगळं पारडं देत नाही.

मी सॅन मार्कसजवळ राहतो. अर्धं पोट अजून सॉफ्टवेअरवरच चालतं, हे लपवत नाही. वर्षातून एखादा आठवडा नॅशव्हिलला जाऊन ओळखीच्या दोघांबरोबर अकराच्या त्या खोलीत बसतो, आणि जे लिहून होतं ते इथं येऊन फ्लोअरवर तपासतो. तुमचं ठरत नसेल तर आधी दोन्हीकडे एकेक महिना काढा, नॅशव्हिलला शक्यतो हिवाळ्यात, म्हणजे पर्यटक जरा कमी असतात. आणि टेक्सासला येणार असाल तर घराच्या आधी ड्रमर शोधा. गिटारवाले इथं पैशाला पासरी आहेत, पण वॉल्ट्झ न पळवता वाजवणारा ड्रमर मिळायला मला घरापेक्षा जास्त वेळ लागला.