लसिका गाठीतल्या (लिम्फ नोडमधल्या) पेशी ओळखायच्या: स्लाइडवर की फ्लो सायटोमेट्रीने?

स्लाइडवर गाठीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; फ्लो सायटोमेट्रीत सुट्या पेशी एकेक करून लेसरसमोरून नेत मोजतात. मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकच ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारं प्रथिन, दोन्हीकडे लागतेच. ती बनवायची रीत १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी दाखवली. टी आणि बी या दोन प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी; सीडी३ या प्रथिनाची खूण टी पेशींवर, सीडी२०ची बी पेशींवर. फ्लोला ताज्या, सुट्या केलेल्या पेशी हव्यात. मग मिनिटांत हजारो मोजून होतात, एकेका पेशीवरच्या अनेक खुणांसह. पण कोण कुणाशेजारी होतं, ते गेलं. कट गाळून मिसळीतली मटकी मोजावी तसं! स्लाइडवर बी पेशींचे गोल पुंजके नि भोवतीच्या टी पेशी जागच्या जागी दिसतात. शिवाय फॉर्मालिनमधला (ऊती टिकवणाऱ्या द्रावणातला) तुकडा कोल्हापूरहून पुण्याला पाठवला तरी घाई नसते. मात्र फॉर्मालिनने झाकलेल्या खुणा उघडायला काप गरम बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवावा लागतो. गाठीसाठी माझं मत आधी स्लाइडला. रक्त, बोनमॅरो असेल तर फ्लो.