ओरिजिनल पाकिटात डुप्लिकेट फेरूल : फिटिंग घेताना सांभाळा

आमचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक टेस्ट बेंच बनवतो. पाव इंची ट्यूबला वेल्डिंग आम्ही करत नाही, भिंत जेमतेम सव्वा मिलीमीटरची असते आणि लाईन पुन्हा उघडायची तर असतेच, त्यामुळे सगळीकडे डबल फेरूल फिटिंग, म्हणजे दोन बारक्या धातूच्या रिंगांनी (फेरूल) ट्यूब धरणारा जोड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नट आवळला की मागची फेरूल पुढच्या फेरूलला ढकलते, पुढची बॉडीच्या उतारात बसून सील करते आणि मागची ट्यूबला धरून ठेवते. म्हणजे 200-300 बार दाबाचं सगळं ओझं त्या दोन बारक्या रिंगांवर. आणि चोरी नेमकी तिथेच झाली.

चाकणच्या एका कस्टमरचं काम होतं, 210 बार वर्किंग. त्यांना एका ठराविक नावाजलेल्या ब्रँडचं 316 ग्रेड स्टेनलेस स्टीलचं फिटिंगच हवं होतं. मुंबईत गिरगाव-कुंभारवाड्याच्या बाजूला स्टील पाइप फिटिंगवाल्यांच्या गल्ल्या आहेत तिथल्या एका व्यापाऱ्याकडून माल घेतला. रेट थोडा कमी होता पण संशय यावा इतका नाही. बॉडीवर कंपनीचा शिक्का, हीट नंबर (स्टीलच्या घाण्याचा नंबर), सोबत टेस्ट सर्टिफिकेट, नंबरही जुळत होता. पाकिटं मात्र फोडलेली. विचारलं तर म्हणे, "अहो साहेब, गोडाउनला मोजताना उघडली, माल शंभर टक्के ओरिजिनल." तरी आम्ही पीएमआय गनने (धातूत काय काय आहे ते जागेवर सांगणारं यंत्र) बॉडी आणि नट तपासून घेतले, मॉलिब्डेनम दोन टक्क्यांच्या वर, म्हणजे 316 बरोबर.

फिटरने नेहमीसारखं केलं, ट्यूब तळापर्यंत, नट हाताने टाइट, मार्करची खूण आणि पान्याने सवा फेरा. गॅप गेज (फट तपासायची पट्टी) लावलं, ते नट आणि बॉडीच्या मधे शिरलं नाही म्हणजे पास. पण ते गेज फक्त नट पुरेसा आवळलाय का एवढंच सांगतं, आत फेरूलने ट्यूब पकडलीये का ते नाही, हे लोक विसरतात.

हायड्रो टेस्टला, म्हणजे पाणी भरून दाब देऊन तपासायला, दीडपट म्हणजे 315 बारला न्यायचं होतं. अडीचशेच्या आसपास फाट्कन आवाज आला आणि ट्यूब फिटिंगमधून बाहेर. पाणी होतं म्हणून निभावलं, नायट्रोजन भरला असता तर तीच ट्यूब कोणाच्या तरी अंगावर चाबकासारखी आली असती. नट सोडला तर फिटर म्हणाला, "साहेब, ही बघा, फेरूल हातात आली." ट्यूबवर पकडल्याची खूणसुद्धा नाही, नुसता ओरखडा. सगळे जॉइंट उघडले, निम्म्याहून जास्त तसेच.

लॅबमधे फेरूल कापून बघितली. मॉलिब्डेनम नावालाच, म्हणजे 316 नाही, त्याखालचा 304 ग्रेड, आणि मागच्या फेरूलला कडक केलेला थर असतो तो नाहीच. ट्यूबपेक्षा फेरूल कडक नसेल तर ती रुतणार कशात? बॉडी खरी, नट खरा, आतल्या फेरूल काढून लेथवरच्या लोकल घातलेल्या. ओरिजिनल फेरूल सुट्ट्या स्पेअर म्हणून चांगल्या भावात जातात हो, म्हणजे एकाच फिटिंगवर दोनदा धंदा! डोकं मात्र मानलं पाहिजे.

व्यापाऱ्याला फोन केला तर आधी "तुमच्या फिटरने जास्त आवळलं असेल", मग "ट्यूबच कडक असेल" (ट्यूबची हार्डनेस आम्ही आधीच तपासलेली, 80 एचआरबीच्या (कडकपणा मोजायचं माप) आत होती), आणि रिपोर्ट पाठवल्यावर "बिल बघा". बिल बघितलं तर त्यावर लिहिलंय 'एसएस फिटिंग 1/4', एचएसएन (जीएसटीचा मालाचा कोड) 7307, बास. ना ब्रँड, ना ग्रेड. ऑर्डरमधे आम्ही सगळं लिहिलं होतं पण बिल त्याने हुशारीने मोघम बनवलं. सर्टिफिकेट बॉडीचं आहे आणि बॉडी खरीच आहे, मग भांडणार कशावर? ऑर्डरची कॉपी आणि लॅब रिपोर्ट जोडून वकिलाकडून नोटीस दिलीये, अजून उत्तर नाही.

तुम्ही घेत असाल तर सीलबंद पाकीटच घ्या आणि बिलावर ब्रँड, 316 आणि हीट नंबर लिहिल्याशिवाय पैसे सोडू नका. माल आल्यावर टाकाऊ ट्यूबच्या तुकड्यावर एक फिटिंग सवा फेरा आवळून उघडा. फेरूल ट्यूबवर गोल फिरली तर घाबरू नका, ओरिजिनलही फिरते, पण ओढल्यावर टोकाकडून निघता कामा नये. निघाली तर अख्खा लॉट परत पाठवा. आणि पीएमआय करणार असाल तर गन फेरूलवर पण धरायला सांगा, ऑपरेटर कंटाळा करतो कारण पीस बारीक असतो.