रत्नागिरीतलं अ‍ॅक्युपंक्चर क्लिनिक: सुया ठीक, पण योजनेचं कार्ड घरीच ठेवा
आईच्या गुडघ्यासाठी जातोय आम्ही. क्लिनिक स्वच्छ, मॅडमचा हात हलका, प्रत्येक वेळी सीलबंद पाकीट समोर फोडतात, केसाएवढी सुई बारीकशा नळीतून टिचकी मारून आत, आणि वापरली की थेट डब्यात. आई म्हणते ‘मुंगी चावली तरी जास्त दुखतं गो.’ गुडघा बरा झाला असं नाही म्हणणार, पण विळीवर बसून नारळ खवते आता, हेही कमी नाही.

वैताग पैशांचा. बरेच जण महात्मा फुले योजनेचं कार्ड घेऊन येतात, पण ती ५ लाखांची कॅशलेस सोय ठरलेल्या उपचारांना, तीही पॅनेलवरच्या हॉस्पिटलात, मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर. इथे तासाभरात उठून घरी, मग क्लेम कसला! आणि आयुषमध्ये (आयुर्वेद, योग, होमिओपॅथी वगैरे सरकारमान्य पद्धतींत) बसेल म्हणावं तर अ‍ॅक्युपंक्चर त्या यादीतच नाही. गंमत म्हणजे राज्यात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, कौन्सिल आहे, नोंदणी लागते, फक्त बिल आपलं आपण भरायचं.

जाणार असाल तर आधी नोंदणी नंबर बघा, भिंतीवर लावलेला असतो. चार स्टार, एक कापला तो जिन्यासाठी, गुडघेवाल्यांना दुसरा मजला काय देता!